सुनेचा नंबर

भाकरीच्या पिठानं माखलेल्या हातानंच वर्षाराणीनं ओट्यावरचा मोबाइल उलटा केला, पडद्याकडे पाहिलं, आणि तिच्या ओठांवर एक हसू उमटलं... असं हसू, की त्या क्षणी समोर आरसा असता तर तिचं तिलाच भय वाटलं असतं! पडद्यावर सहा आकडे आले होते. 'सोबत' ॲपमधलं घरखातं उघडण्याचा ओटीपी. दहा मिनिटांचं आयुष्य घेऊन आलेला. खाली नेहमीची ताकीद होती, हा क्रमांक कुणालाही सांगू नका.

"न्हाई सांगत," ती मोबाइललाच म्हणाली. "मेले तरी न्हाई सांगत!"

धाराशिवच्या नोंदणी केंद्रात या घटकेला कोण बसलं असेल, हे तिला तुळजापुरातल्या या एका खोलीत उभ्या उभ्या दिसत होतं. खुर्चीच्या कडेवर अवघडून बसलेला दीर रणधीर. त्याच्या शेजारी जाऊ हर्षाली, आणि तिच्या मांडीवर ती पोर. संगणकापुढची मुलगी विचारत असेल, आला का ओटीपी? आणि दोघं नवराबायको एकमेकांच्या तोंडाकडे बघत असतील...

फोन वाजला. रणधीरचंच नाव. वर्षाराणीनं पिठाचा गोळा परातीत आपटला, त्यावर पाण्याचा हात मारला आणि भाकरी थापायला घेतली. फोन वाजून वाजून थकला, थोडा श्वास घेऊन पुन्हा वाजला. तव्यावरची भाकरी टम्म फुगली. तिनं ती निगुतीनं शेकली, टोपल्यात ठेवली, हात धुतले आणि मग सावकाश मोबाइल उचलला. दहा मिनिटं सरली होती. आकडे आता नुसते आकडे राहिले होते, कुणाच्या काही कामाचे नव्हते. या महिन्यात हे तिसऱ्यांदा घडत होतं आणि आधीच्या दोन्ही वेळा तिला जेवण गोड लागलं होतं!

आता या नंबराची कथा ऐका, म्हणजे ही बाई इतकी कडू का झाली तेही कळेल.

वर्षाराणीचं सासर भूम तालुक्यातल्या एका माळरानावरच्या गावात. थोरला शिवशंकर तिचा नवरा, धाकटा रणधीर, आणि दोघांवर दगडाबाईचा धाक. सासरा लवकर गेला, पण दगडाबाईनं दोन्ही पोरं आणि रान दोन्ही असं सांभाळलं, की गावात तिच्यापुढं आवाज चढवायची कुणाची छाती नव्हती. या घरात बारावी झालेली सून आली आणि दोनच वर्षांत एका संस्थेनं तिच्या हातात टॅब दिला. काम असं, की दारोदार जायचं, कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस आहे, कुठं विधवा एकटी पडली आहे, कुणाचं लेकरू चालत नाही, हे सगळं त्या टॅबात भरायचं. मग त्यातलं 'सोबत' सांगायचं, की या घराला अमुक मदत तमुक ठिकाणी मिळेल, या दवाखान्यात जा, या बाईंना फोन करा, शिबिराला नाव नोंदवा. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पहिलं घरखातं स्वतःच्या घराचं उघडा, हात बसेल.

सोप्यात सगळ्यांना बसवून वर्षाराणीनं एकेकाचं नाव भरलं. शेवटी घराचा संपर्क नंबर भरायची वेळ आली तेव्हा रणधीर हात जोडून म्हणाला, "माझा नगं वहिनी! आधीच कंपन्यांच्या फोननं कान किटल्यात. तुमचाच टाका."

"टाक की गं तुजाच," दगडाबाई म्हणाली. "घर तर तूच बघतीस."

त्या एका वाक्यानं तेव्हा वर्षाराणीचा ऊर भरून आला होता. सासूनं चारचौघांत घर तिच्या नावानं केल्यासारखं वाटलं होतं तिला! पुढं त्या सुनेला घर सुटलं, पण सुनेचा नंबर मात्र त्या घराला चिकटूनच राहिला आणि इतक्या वर्षांत ही गोष्ट कुणाच्या ध्यानातही आली नाही.

घर सुटलं ते असं. शिवशंकरच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. जिनं गावाला वाटा दाखवल्या तिनं स्वतःच्या नवऱ्यासाठीही त्याच टॅबातून वाट शोधली. आधी धाराशिवला डायलिसिस, मग पुण्याचा दवाखाना, तिथं ऑपरेशनची सोय. किडनी देणारा मात्र घरचाच हवा होता. वर्षाराणीची जुळली नाही, दगडाबाईचं वय आडवं आलं. रणधीरची जुळली. तपासणीचा निकाल कळला तेव्हा तो थोरल्या भावाच्या पायांना मिठी मारून रडला होता. "दादा, देवानं दोन दिल्यात त्या काय उगाच? येक तुजीच हाय!"

तारीख ठरली. वर्षाराणी नवऱ्याला घेऊन आधीच पुण्याला गेली होती, रणधीरनं ऑपरेशनच्या आदल्या दिवशी यायचं होतं. तो आला नाही. तिनं फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. दवाखान्याच्या पायरीवर बसून तिनं तो नंबर इतक्यांदा फिरवला, की शेजारची परकी बाई येऊन तिच्या पाठीवर हात ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ऑपरेशन रद्द केल्याचं सांगितलं. शिवशंकर मात्र बायकोचीच समजूत काढत होता. "आला न्हाई का? असू दे. बारका हाय तो... भ्याला आसंल." पुढची तारीख यायच्या आत त्यानं डोळे मिटले, आणि वर्षाराणीच्या आयुष्यातलं सारं सौभाग्य, सारा उजेड, सारं माधुर्य त्याच्याबरोबर सरणावर गेलं!

दिवस उरकल्यावर तिनं सासूला विचारलं होतं. एकदाच. दगडाबाईनं चुलीकडे बघत उत्तर दिलं, "म्याच न्हाय जाऊ दिलं त्याला. मोबाइल म्याच कणगीत टाकला. हर्षालीच्या पोटात लेकरू हाय." वर्षाराणीचा या बोलण्यावर विश्वास बसला नाही. भित्र्या लेकाचा भित्रेपणा आई पदराखाली झाकते आहे, असंच तिनं धरलं. तिनं कपड्यांची पिशवी भरली आणि उंबरा ओलांडला. तिला कुणी हाकललं नव्हतं, पण कुणी थांब असंही म्हटलं नाही.

तुळजापुरात देवळामागच्या गल्लीत तिनं खोली घेतली आणि संस्थेचं काम तसंच चालू ठेवलं. या भागात आज कुणालाही विचारा, वर्षाताई कोण? एखादी म्हातारी सांगेल, माझी पेन्शन तिनं सुरू करून दिली. एखादा बाप सांगेल, माझ्या पांगळ्या पोराला तिच्यामुळं खुर्ची मिळाली. ओटीपी आला नाही म्हणून कुणी रडवेलं झालं तर ती दोन तास उन्हात त्याच्याबरोबर थांबायची. साऱ्या जगावर तिची माया पाण्यासारखी वाहत होती, फक्त एका घराच्या दिशेनं तिनं बांध घालून ठेवला होता.

त्या घरात जन्मलेली पोर, वैष्णवी, बहिरी आहे, हे तिला माहेरच्या एका नातेवाइकाकडून कळलं तेव्हा तिनं देवीपुढं दिवा लावला होता. हो, दिवा! न्याय झाला, असंच तिला त्या दिवशी वाटलं. ज्या लेकराचं निमित्त करून आपल्या नवऱ्याला मारलं, त्या लेकराला आता आईची हाकसुद्धा ऐकू येणार नाही... या विचारानं तिच्या अंतःकरणात एक क्रूर, थंड समाधान पसरलं होतं. आणि मग एके दिवशी मोबाइलवर तो पहिला ओटीपी आला, आणि आपल्या हाती काय लागलं आहे ते तिला उमगलं.

तिसऱ्या ओटीपीनंतरच्या सोमवारी संस्थेच्या नव्या प्रमुख मंजुषाताईंचा फोन आला. "वर्षाताई, एक केस अडकली आहे. भूम तालुक्यातली मुलगी, जन्मापासून ऐकू येत नाही. कानात यंत्र बसवायचं ऑपरेशन मोफत होईल, दवाखाना तयार आहे, पण मुलीला पाच पूर्ण व्हायच्या आत नोंदणी पाहिजे. बुधवारी ती पाचची होते. म्हणजे उद्या शेवटचा दिवस."

"मग करा की नोंदणी," वर्षाराणी म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

"त्यांच्या घरखात्याला कुणाचा तरी जुना नंबर आहे हो. ओटीपी तिकडं जातो. नंबर बदलायचा तरी जुन्या नंबरवरचाच ओटीपी लागतो. वरून अर्ज केला तर महिना जाईल. आणि आपल्याला पडद्यावर शेवटचे दोनच आकडे दिसतात. घरचे म्हणतात, नंबरवाली फोन उचलत नाही, नाव मात्र सांगत नाहीत. तुम्ही त्या भागातल्या, ओळखता का कुणाला?"

वर्षाराणीनं डोळे मिटले. इतकं सोपं होतं! तोंडातून एक शब्द काढायचा अवकाश होता.

"न्हाई ताई," ती म्हणाली. "बंद पडला असंल तो नंबर."

त्यानंतर तिनं फोन ठेवला, आणि का कोण जाणे, त्या दिवशीचं जेवण तिला गोड लागलं नाही.

मंगळवार उजाडला. तुळजापूरचा मंगळवार म्हणजे सोलापूरकडून येणाऱ्या गाड्या, गल्लीत चपलांचे ढीग आणि सकाळपासून दारोदार फिरणाऱ्या आराधी बायका. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर कुंकू आणि हातात देवीची परडी. जोगव्याला आलेल्या बाईला रिकाम्या परडीनं परत पाठवायचं नाही, ही गावाची रीत. वर्षाराणीही ती पाळत आली होती.

"आई राजा उदो उदो!"

दारातून हाक आली तशी तिनं डब्यातून ओंजळभर पीठ घेतलं आणि बाहेर आली. नेहमीप्रमाणं ती बाईच्या तोंडाकडे न बघता परडीवर ओंजळ धरणार, तोच तिची नजर परडी धरलेल्या हातावर पडली. मनगटावर हिरवं गोंदण, अंगठ्याला विळ्याच्या जुन्या जखमेची खूण. हा हात तिला वाढत आला होता, दटावत आला होता, एकदा तापात तिच्या कपाळावर रात्रभर फिरला होता.

तिनं वर पाहिलं. समोर दगडाबाई उभी होती! जिनं उभ्या आयुष्यात कुणापुढं हात पसरला नाही, ती गळ्यात कवड्यांची माळ घालून, अनवाणी पायांनी, थोरल्या सुनेच्या दारात जोगवा मागत होती. तिच्या लुगड्याचं टोक धरून एक परकर घातलेली चिमुरडी उभी होती आणि टकमका इकडंतिकडं बघत होती.

वर्षाराणीच्या ओंजळीतलं पीठ आपोआप परडीत सांडलं.

"घातला जोगवा," ती दात आवळून म्हणाली. "आता जावा."

"माळ घातली म्या," दगडाबाई म्हणाली. "शंकर गेल्यावर घातली. तुला ठावं न्हाय." तिनं परडी पुढं केली. "पीठ लई हाय घरी, वर्षे. पिठासाठी न्हाय आले म्या. ते सा आकडं घाल ह्या परडीत."

गल्लीतल्या बायका आपापल्या दारात येऊन थांबल्या होत्या. वर्षाराणीच्या अंगातून जणू ज्वाळा उठली.

"आकडे पाहिजेत? तुम्हाला आकडे पाहिजेत, आत्या? मलाबी एक माणूस पाहिजे हुता! मी बी पदर पसरला हुता, दवाखान्याच्या पायरीवर, परक्या गावात... तवा कुणी घातला माझ्या पदरात जोगवा? तुमचा धाकटा फोन बंद करून घरात लपून बसला आणि माझा धनी त्याची वाट बघत बघत गेला! आज तुम्हाला नात दिसली. मला काय दिसत हुतं, ते तुम्ही पाहिलं हुतं का?"

"न्हाय पाहिलं."

"मग सांगा! ह्या सगळ्यांच्या देखत सांगा. हातात देवीची परडी हाय, खोटं बोलायची सोय न्हाई. काय केलं तुम्ही ते सांगा!"

आपल्या सासूचं डोकं खाली गेलेलं बघायला वर्षाराणी इतकी वर्षं तडफडली होती. पण दगडाबाईनं डोकं खाली घातलं नाही. तिनं परडी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि गल्लीकडं तोंड केलं.

"आयका गं बायांनो. ह्या पोरीचा नवरा, माझा थोरला... त्याला म्या मारलं. धाकटा भ्याला न्हवता. खोटं वाटत आसंल तुला वर्षे, पर न्हवता भ्याला. पिशवी खांद्याला लावून निघाला हुता. मोबाइल म्या कणगीत टाकला तर म्हनला, नगं मला मोबाइल, दादा वाट बगत आसंल. तवा म्या उंबऱ्यात आडवी पडले. म्हनले, जायाचं तर मला वलांडून जा." तिचा आवाज फाटला. "आईला वलांडून कसा जाईल तो? दिवसभर उभा हुता माझ्या उशाला. रडत हुता, पाया पडत हुता. एसटी गेली, तरी म्या उठले न्हाय. दोगंबी माझ्याच पोटचं. थोरला जाणार आसं दिसत हुतं मला... म्हनलं, येक तरी हाताला राहू दे. माझं चुकलं का बराबर, ते अंबाबाईला रोज इचारते. ती काय बोलत न्हाय."

एकीनं डोळ्यांना पदर लावला.

वर्षाराणी भिंतीला टेकली. भित्रा, नेभळट, भावाचा मारेकरी, अशी ज्याची मूर्ती तिनं मनात वर्षानुवर्षं जपली, जिला रोज शिव्यांचं पाणी घातलं, तो रणधीर तसा नव्हताच! तो निघाला होता. पिशवी खांद्याला लावून निघाला होता... आणि हे ऐकून तिचं मन निवायला हवं होतं की नाही? सासूनं चारचौघांत कबुली दिली, आणखी काय हवं होतं? पण सूड ही मोठी हावरी गोष्ट असते, जितकं घालावं तितकी तिची भूक वाढते. तिला वाटलं, ही म्हातारी एवढ्यावर सुटणार? चार वाक्यं बोलून मोकळी होणार? नाही! माझ्या आयुष्याचं मोल चार वाक्यं नाही!

"ऐकलं," ती म्हणाली. "सगळं ऐकलं. आता नात घ्या आणि वाटेला लागा. आकडे मिळणार न्हाईत!"

आणि तिनं पत्र्याचं दार सगळ्या ताकदीनं आपटलं.

तो आवाज केवढा झाला! समोरच्या छपरावरची कबुतरं भर्रकन उडाली. शेजारच्या घरात पाळण्यातलं तान्हं किंचाळून उठलं. दारातल्या बायका दचकून मागं सरल्या, खुद्द दगडाबाईच्या हातातून परडी सुटता सुटता राहिली. दार इतक्या जोरानं आपटलं होतं, की कडी न बसता ते उलट फिरून पुन्हा उघडलं.

त्या उघड्या दारातून वर्षाराणीला वैष्णवी दिसली. पोर दाराकडं पाठ करून उभी होती. ती दचकली नव्हती. तिनं वळूनही पाहिलं नव्हतं. आजीच्या कलंडलेल्या परडीतून थोडं पीठ तिच्या हातावर सांडलं होतं आणि ती एका बोटानं तळहातावर त्या पिठाची रेघ काढत होती, आपल्याच नादात, अगदी शांत. मग तिनं मान वर केली, सगळ्या बायकांचे घाबरलेले चेहरे पाहिले, काय झालं ते तिला कळेना, आणि कुणीतरी गंमत केली असेल असं समजून ती हसली.

वर्षाराणीच्या काळजाचं पाणी पाणी झालं. हे दार आपण कुणावर आपटलं? रणधीरवर? दगडाबाईवर? ज्या जिवावर आपटलं त्याला तर ते आपटल्याचंही समजलं नाही! उद्या हिच्यामागून गाडी येईल, विहिरीच्या काठाशी कुणी हाक मारेल, आणि ही अशीच पाठ करून उभी राहील... आणि त्याला कारण मी असेन. आत्यानं मायेपोटी उंबरा अडवला होता, मी सुडापोटी अडवते आहे. शिवशंकर, तुम्ही मला काय म्हणाला असता हो? बारका आहे, असू दे, असंच म्हणाला असता ना! ती जागच्या जागी खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून तिनं असा हंबरडा फोडला, की नवरा गेला त्या दिवशीसुद्धा ती तशी रडली नव्हती.

बऱ्याच वेळानं ती उठली. पदरानं तोंड पुसलं, आत जाऊन मोबाइल घेतला आणि ज्या नंबराचा तिला इतकी वर्षं विटाळ वाटत होता तो नंबर तिनं स्वतः लावला. पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

"केंद्रात हायस का?"

"व्हय... व्हय वहिनी." रणधीर म्हणाला. "सकाळपासनं बसलोय."

"पाठवायला सांग त्यांना."

मोबाइल थरथरला. सहा आकडे आले. वर्षाराणी दारात आली, दगडाबाईच्या समोर उभी राहिली आणि चालू फोनचा स्पीकर लावून, त्या परडीवर मोबाइल धरून, जोगवा घालावा तसा एकेक आकडा सावकाश, स्पष्ट उच्चारत गेली. शेवटचा आकडा सांगून झाल्यावर पलीकडून कळफलकाचा आवाज आला, मग केंद्रातल्या मुलीचा. "उघडलं! थांबा, आधी घरातली नावं तपासून घेऊ. दगडाबाई... रणधीर... हर्षाली... हे शिवशंकर कोण? हयात आहेत का?"

"वहिनी," रणधीर कसाबसा म्हणाला, "दादाचं नाव आजून हाय त्यात. काय सांगू?"

वर्षाराणीच्या मनातली शेवटची ठिणगी तेवढी विझायची राहिली होती. "तुला इचारलंय. तूच सांग," ती म्हणाली.

"न्हाईत," रणधीर म्हणाला. "वारले. माझा दादा वारला मॅडम... मी जायला पायजे हुतं. मी आईला वलांडून जायला पायजे हुतं!" आणि तो बापई गडी, परक्या माणसांच्या देखत, लहान पोरासारखा ओक्साबोक्शी रडू लागला. शिवशंकरसाठी या जगात आपल्याशिवाय आणखी कुणीतरी इतकं रडतं आहे, हे वर्षाराणीला आजवर माहीतच नव्हतं. तिच्या हातातला मोबाइल ओला झाला.

"संपर्क नंबर बदलायचा आहे का?" केंद्रातल्या मुलीनं विचारलं.

"बदला," वर्षाराणी मोठ्यानं म्हणाली. "माझा काढून टाका. आता तरी मोकळी करा मला."

"नको ताई!" हा आवाज हर्षालीचा होता. "नका बदलू. दवाखान्याचे निरोप, तारखा, सगळं त्याच नंबरवर येणार म्हणतात. तुम्ही सांगाल त्या दिवशी मी पोरीला घेऊन निघेन. दुसऱ्या कुणाचा नंबर नको मला."

"हर्षाली, तीन वेळा आला हुता ओटीपी. मी मुद्दाम दिला न्हाई. ठावं हाय ना तुला?"

"ठाऊक आहे."

"तरी?"

"तरी," हर्षाली म्हणाली.

"राहू द्या मग तोच," एवढंच बोलून वर्षाराणीनं फोन ठेवला.

दगडाबाई अजून दारातच उभी होती. नातीच्या हातावरचं पीठ तिनं पदरानं पुसलं आणि जायला वळली. "येते वर्षे."

"माफ केलं, असं म्हणायला माझी जीभ वळणार न्हाई, आत्या," वर्षाराणी म्हणाली. "आज तर न्हाईच."

"नगं म्हनू. म्या कुठं मागितलं?"

म्हातारी दोन पावलं चालली. उन्हानं फरशी तापली होती, अनवाणी पाय पोळत होते, तोल जात होता. वर्षाराणीनं ते पाहिलं. तिनं पायात चप्पल न घालताच उंबरा ओलांडला, सासूच्या हातांतली परडी आपल्या हातात घेतली आणि दुसऱ्या हातानं वैष्णवीचं बोट धरलं.

"माझं एकच घर झालं," ती म्हणाली. "जोगवा पाच घरचा असतो. चला."

पुढच्या दाराशी तिघी उभ्या राहिल्या. दगडाबाईनं तोंड उघडलं, पण तिच्या तोंडून उदो काही फुटेना. तेव्हा वर्षाराणीनंच परडी पुढं केली आणि तिच्यासाठी मोठ्यानं हाक दिली.